देवाच्या घोडीचं रक्त

घोड्यांच्या बाबतीत मी कधीच हळवी नव्हते. पुसद तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काढली. तिथं येणारं गिऱ्हाईक म्हणजे पोट फुगलेले बैल, माजावर न येणाऱ्या म्हशी आणि पावसाळ्यात शिंकणाऱ्या शेळ्या. घोडं वर्षातून चार-दोनदा यायचं, तेही लग्नसराईत लंगडायला लागलं म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायचं की बाई मुळातच भित्री असावी. भित्री नाही. तापट आहे, आणि त्या उन्हाळ्यात जरा शांत डोक्यानं वागले असते तर बरं झालं असतं.

करोना नुकता ओसरला होता. पैनगंगेपलीकडच्या एका गावात वरातीचा घोडा नाकातून पिवळं गळून मेला आणि त्याच्या रक्तात ग्लँडर्स निघाला. घोडा, गाढव आणि खेचर यांना होणारा हा फार जुना जंतूचा रोग. माणसालाही होतो, आणि झाला तर जिवावर बेततो. यातली खरी वाईट गोष्ट अशी की कित्येकदा जनावर महिनोन्महिने धडधाकट दिसतं. खातं, पितं, अंग चमकतं, वरातीत नाचतं, आणि आत जंतू बसलेला असतो. औषधांनी तो दबतो, पण पुरता जात नाही, म्हणून कायद्यानं यावर उपचार करायचाच नाही. रक्त तपासायचं आणि रोग निघाला की जनावर शांत करायचं. आमच्या कागदांवर हाच शब्द असतो, शांत.

मेलेल्या घोड्याच्या गावाभोवती नकाशावर एक वर्तुळ काढलं गेलं. त्या वर्तुळातल्या प्रत्येक घोड्या-गाढवाचं रक्त काढून बर्फाच्या डब्यातून दूर उत्तरेतल्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. आमच्या वाट्याला जी गावं आली त्यांत डोंगरातला एक तांडा होता. तिथल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहत देशभर फिरायचे. आताची मंडळी कापूस, सोयाबीन पेरतात आणि पावसाकडं बघत बसतात. तांड्याच्या टोकाला पांढऱ्या झेंड्याचं एक देऊळ आहे, आणि त्या देवळाची सेवा करणाऱ्या म्हाताऱ्याकडं दोन घोड्या होत्या.

माझा पट्टीबंधक, म्हणजे दवाखान्यात जखमा बांधणारा, जनावर धरणारा माझा सहकारी, तिथल्याच पट्ट्यातला. गाडीवर मागं बसून त्यानं मला सगळं सांगितलं. दोन्ही घोड्या एकाच आईच्या पोटच्या, दोन्ही नुकऱ्या, म्हणजे शेपटापासून नाकापर्यंत पांढऱ्या आणि कातडी गुलाबी. धाकटी वरातीला जायची. वाजंत्री सुरू झाली की पाय उचलून अशी नाचायची की नवरदेवापेक्षा लोक तिच्याकडंच बघायचे. थोरली देवाची.

"देवाची म्हणजे?" मी विचारलं.

"म्हन्जे तिच्यावर कोनी बसत नाही, मॅडम. जत्रंत खोगीर घालून रिकामी चालवतात. देव बसला असते ना वर."

ती घोडी मी एकदा पाहिली होती. देवाच्या उत्सवात भर दुपारी ती तांड्यातून चालत होती आणि लोक घोडीला नव्हे, तिच्या पाठीवरच्या मोकळ्या जागेला हात जोडत होते. घोडी जवळून गेली तेव्हा खोगीर कुरकुरत होतं. माणूस बसल्यावर कुरकुरतं तसंच. चामडं उन्हानं वाळलं असेल असं मी मनाशी म्हटलं आणि उगाचच दोन पावलं मागं सरले.

त्या घोड्यांचं रक्त काढायला गेलो तो आमचा त्या दिवसातला शेवटचा थांबा होता. सकाळपासून गाढवांच्या लाथा चुकवून माझं डोकं तापलं होतं. म्हातारा देवळापुढं वाटच बघत होता. पांढरं धोतर, पांढरा फेटा, आवाज इतका हळू की कान द्यावा लागायचा. बायकांना तिकडं मानानं 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. तोही मला याडीच म्हणायचा, वयानं माझ्या वडिलांएवढा असून.

देवळामागं घोड्यांची दगडी खोली होती. तिथून त्यानं आधी देवाची घोडी आणली. कपाळाला गुलाल, पाठीवर पांढरी झूल. मी मानेच्या डाव्या शिरेतून रक्त घेतलं. मग फॉर्म भरायला बसले. या फॉर्मवर घोड्याची बाह्यरेषा छापलेली असते. जनावराच्या अंगावर जे ठिपके, पट्टे असतील ते त्यावर काढायचे, म्हणजे पुढं ओळख चुकत नाही. नुकऱ्या घोडीला ना ठिपका ना पट्टा. अशा वेळी भोवरे काढतात. घोड्याच्या अंगावर जागोजागी केसांचे भोवरे असतात आणि दोन घोड्यांचे भोवरे कधी सारखे नसतात. घोडेवाले त्यात मालकाचं नशीब बघतात, आमचं खातं ओळख बघतं. मी लाल शाईनं पाच फुल्या काढल्या. कपाळावर जराशी डावीकडं एक, आयाळीच्या खाली दोन, गळ्यावर एक, छातीवर एक.

घोडी मागं गेली. चहा आला. बराच वेळ गेल्यावर म्हातारा धाकटीला घेऊन आला. कपाळ स्वच्छ, गळ्यात घुंगरांची माळ. मी डाव्या बाजूला गेले तर तो म्हणाला, "इकडून घ्या, याडी. तिले तिकडची बाजू खपत नाही." मी उजवीकडून रक्त घेतलं. देवळामागून तेवढ्यात एक घोडी खिंकाळली आणि पुढ्यातल्या घोडीनं कान वळवले. मी घाईघाईनं फुल्या काढल्या, बर्फाचा डबा बंद केला आणि निघाले.

रिपोर्ट आला तो दोन्ही घोड्यांचा. दोघींच्या रक्तात रोग होता. वेगवेगळ्या दोन चाचण्या केल्या होत्या आणि दोन्हींचं म्हणणं एकच. पाठोपाठ दोन्ही घोड्या शांत करायचा आदेशही आला.

मी टेबलाशी बसून कागद तयार करत होते. दुपारची वेळ, पंख्यानं कागद उडत होते म्हणून मी दोन्ही फॉर्म एकावर एक ठेवून वर पेपरवेट ठेवायला गेले. खिडकीतून ऊन येत होतं. वरच्या कागदातून खालच्या कागदाच्या लाल फुल्या दिसायला हव्या होत्या. दिसल्या नाहीत. मी कागद हातात घेऊन उजेडापुढं धरला. पाचच फुल्या होत्या. खालच्या पाच बरोबर वरच्या पाचांच्या मागं लपल्या होत्या.

पहिला विचार काय यावा? एकाच अंगाच्या दोन घोड्या. मी शिकलेली बाई, आणि भर दुपारी सरकारी खुर्चीत बसून मला वाटलं की त्या देवळामागं काहीतरी आहे जे एकदा गुलाल लावून बाहेर येतं आणि एकदा घुंगरं बांधून. मी उठून माठातलं पाणी प्यायले. मग डोकं चालायला लागलं. गुलाल पुसता येतो. माळ घालता येते. उजवीकडून सुई टोचायला लावली, कारण डावीकडं आधीच्या सुईची खूण होती. आणि देवळामागून जी खिंकाळली ती देवाची घोडी. तिच्या अंगाला मी हातही लावला नव्हता.

पट्टीबंधकाला बोलावून कागद दाखवले. त्यानंही ते उजेडापुढं धरले.

"तिले लोखंड लागत नाही, मॅडम," तो म्हणाला. "मले वाटलं बाबानं देवाले इचारलं असन. म्हनून मी काही बोललो नाही."

त्याच्यावर मी इतकी ओरडले की बाहेर शेळी घेऊन बसलेली बाई उठून गेली. खरं तर ओरडायला हवं होतं स्वतःवर. चित्र माझ्या हातानं काढलं होतं. त्या फुल्या रिपोर्ट यायच्या आधीच नीट बघितल्या असत्या, तर देवाची घोडी त्याच दिवशी वेगळी बांधता आली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तांड्यावर गेलो. म्हातारा देवळाच्या पायरीवर बसला होता. मी दोन्ही कागद त्याच्यापुढं धरले.

"बाबा, रक्ताच्या दोन्ही शिश्या एकाच घोडीच्या होत्या ना?"

"हो," तो म्हणाला. लपवाछपवी नाही, काही नाही.

"काहून केलं असं?"

"देवाच्या घोडीले लोखंड लागत नाही, याडी. नाल नाही, लगाम नाही. सुई बी लोखंडाचीच असते. धाकटी चांगली तगडी हाय, तिचं रगत दिलं त दोघीचं बी चांगलंच येईन, असं वाटलं मले."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. धाकटी वाचत नाही, तिच्या रक्तात रोग आहे. पण थोरलीचं रक्त कोणी तपासलेलंच नाही, आणि कागदावर मात्र तीही मरणार आहे. "सुई तर लागणारच आहे, बाबा. शांत करायचं म्हटलं तरी सुईनंच करतात. आज एक सुई लावू द्या. रिपोर्ट चांगला आला तर ती वाचते. नाही लावू दिली तर दोघी जातात."

तो देवळात गेला, त्यानं अरदास केली, म्हणजे हात जोडून देवापुढं सगळं बोलून टाकलं. गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत होतं, मला फारसं कळलं नाही. आम्ही बाहेर उभे होतो. तांड्यातल्या बायका, म्हातारे, पोरं सगळी येऊन लांब उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला आणि मागच्या खोलीतून थोरलीला घेऊन आला.

मी तिला पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिलं. भोवरे वेगळे होते. कपाळावर एकाखाली एक असे दोन, गळ्यावर एकही नाही. पहिल्यांदा सुई टोचली की घोडं उसळतं, म्हणून पट्टीबंधकानं कान धरायची तयारी केली. ती हललीसुद्धा नाही. मान जराशी वळवून ती माझ्या हाताकडं बघत राहिली. रक्त नळीत चढायला लागलं आणि म्हातारा पुढं वाकला. नळीवरून त्याची नजर हटेना.

"लालच हाय," तो म्हणाला.

"मग कसं असणार?" मी म्हटलं. मी चिडलेली होते, घाई होती. त्याचा चेहरा मी बघितला होता, पण त्यावर काय होतं याचा विचार केला नाही. आता रोज करते.

रिपोर्ट येईपर्यंत दोघींना वेगळं ठेवायचं ठरलं. धाकटी नाल्याजवळच्या शेतातल्या गोठ्यात, थोरली देवळामागच्या खोलीत. बादल्या वेगळ्या, चारा वेगळा. रिपोर्ट आला आणि मी पेढे वाटायचीच बाकी होते. थोरलीच्या रक्तात काही नव्हतं. फोनवर म्हाताऱ्याला सांगितलं तर तो नुसता "बरं" म्हणाला. मला राग आला. एक घोडी जिवंत काढली होती मी मरणाच्या यादीतून, आणि हा माणूस नुसता बरं म्हणतो.

धाकटीला शांत करायला जिल्ह्याहून पथक आलं. करोनातले पांढरे सूट शिल्लक होतेच, ते आम्ही चढवले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मे. तांड्यातली पोरं आम्हाला बघून घरात पळाली. गोठ्यापासून थोड्या अंतरावर यंत्रानं खड्डा खणला जात होता, खोल, आणि घोडी गोठ्याच्या दारात उभी राहून खड्ड्याकडं बघत होती. मी म्हटलं हिला आत घ्या, तर पट्टीबंधक म्हणाला, "राहू द्या मॅडम, काय समजते तिले."

म्हाताऱ्यानं तिच्या गळ्यात घुंगरांची माळ घातली होती. दोरी त्यानंच आणून माझ्या हातात दिली. तो रडत होता. आवाज नाही, नुसतं पाणी गळत होतं. फॉर्म माझ्या बॅगेत होता. तो काढून भोवरे तपासायचे, असा नियम आहे. पण बॅग गाडीत राहिली होती, माझ्या चष्म्यावर आतून वाफ धरली होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि दोरी हातात देताना रडणारा माणूस समोर होता. असा माणूस खोटं बोलत नसतो असं मी धरून चालले. शिवाय मनात एक पक्कं बसलं होतं. हा माणूस काहीही करील, पण देवाच्या घोडीला धक्का लागू देणार नाही. एकदा तिच्यासाठी त्यानं सरकारलाही फसवलं होतं.

गुंगीचं इंजेक्शन दिलं तेव्हा ती हलली नाही. तेवढंच मला जरा खटकलं. नाचणारी घोडी, जरा तरी पाय आपटेल. रोगानं मंदावली असेल असं वाटलं. तिनं मान वळवून माझ्या हाताकडं पाहिलं. त्याच वेळी लांब देवळामागून दुसरी घोडी खिंकाळायला लागली, एकसारखी, मध्ये श्वास न घेतल्यासारखी, आणि आम्ही दुसरं इंजेक्शन देऊन खड्ड्यात चुना टाकेपर्यंत ती थांबली नाही. थांबली तेव्हा सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आम्ही गोठ्यातला चारा जाळला, दोरी जाळली, माळ जाळायला घेतली तर म्हातारा म्हणाला, "जाळा."

उरलेल्या घोडीचं रक्त तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं होतं. एकदा चांगलं आलं म्हणजे सुटलं असं नसतं, जंतू नुकता शिरला असेल तर पहिल्या चाचणीत दिसत नाही. मी आणि पट्टीबंधक दुपारी पोचलो. लग्नसराई जोरात होती. नाल्यापलीकडच्या गावात कोणाची तरी वरात निघत होती आणि वाऱ्यावर डफड्याचा आवाज येत होता, कधी जवळ, कधी लांब. म्हातारा घरात होता, निरोप पाठवला. आम्ही आपलं देवळाला वळसा घालून मागं गेलो.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत घोडी नाचत होती.

तिच्या पाठीवर कोणी नव्हतं, पुढं कोणी नव्हतं, अंगावर साजही नव्हता. डफड्याच्या ठेक्यावर ती पुढचे पाय उचलत होती, एक, दुसरा, मान आत घेऊन, जागच्या जागी. आवाज वाऱ्यानं लांब गेला की थांबायची, पुन्हा आला की बरोबर त्या ठेक्यावर पाय उचलायची. अंधाऱ्या खोलीत तेवढी पांढरी घोडी दिसत होती आणि दगडावर खुरांचा आवाज येत होता. पट्टीबंधकानं माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "थोरलीले कोनी नाच शिकवला नाही."

क्षणभर मला वाटलं, मेलेली हिच्यात आली. तसं वाटलं हे कबूल करते. मग मी बॅगेतले फॉर्म काढले. या वेळी बॅग खांद्याला होती. आत गेले, घोडीच्या कपाळावरची आयाळ बाजूला केली. एकच भोवरा, जरासा डावीकडं. आयाळीखाली दोन. गळ्यावर एक. ओठांच्या कोपऱ्यांत लगामानं पडलेल्या जुन्या खुणा. छातीवरचा भोवरा बघायची गरज उरली नव्हती, तरी बघितला. मेलेली हिच्यात आली नव्हती. हीच ती होती. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही खड्ड्यात घातली ती निरोगी घोडी होती.

म्हातारा दारात येऊन उभा राहिला होता. मला वाटलं मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"बाबा, देवाची घोडी दिली तुमी? तिच्यासाठी केलं ना एवढं सगळं?"

तो माझ्या शेजारी बसला.

"तुमी त्या दिवशी सुई लावली," तो म्हणाला. "रगत निघालं. लाल. आपल्या सगळ्याईचं असते तसंच. लोखंड लागलं, तवाच थे देवाची राह्यली नाही, याडी. देव उतरून गेला. मंग माह्यापाशी दोन घोड्या राह्यल्या. नुसत्या घोड्या. तुमाले एक पायजे होती. कोनती द्याची, थे मंग माह्या हाती होतं."

"पण ही बिमार आहे. ती चांगली होती."

"हे?" त्यानं घोडीकडं पाहिलं. घोडीचं अंग चमकत होतं, डोळे ओले आणि काळे. "हे कुठं बिमार हाय? पाहा ना तुमीच."

त्याला मी काय दाखवणार होते? दाखवण्यासारखं तिच्या अंगावर काही नव्हतं. होतं ते सगळं कागदावर.

मग त्यानं सांगितलं. धाकटी जन्मली आणि तिची आई मेली. पिल्लाला शेळीच्या दुधाच्या बाटलीवर वाढवलं, त्यानं आणि त्याच्या बायकोनं, घरात, चुलीजवळ. पुढं बायको गेली. घोडी राहिली. थोरलीची पूजा केली, पण तिच्या मानेला मिठी मारता येत नव्हती, कारण ती देवाची. मिठी मारायला हीच होती. हे तो मला पटवून द्यायला सांगत नव्हता. मी विचारलं म्हणून सांगत होता.

मी तिचं रक्त घेतलं, रिपोर्ट जो यायचा तो आला, आणि आम्ही पुन्हा पांढरे सूट चढवून तांड्यावर गेलो. या वेळी मी सुईच्या आधी सगळ्यांसमोर एकेक भोवरा मोजला. डफडं कुठं वाजत नव्हतं. ती मात्र उसळली, पाय आपटले, दोन माणसांना तिनं ढकलून दिलं. म्हाताऱ्याला जवळ येऊ देत नव्हते तरी तो आला आणि त्यानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, मग ती उभी राहिली. आरोग्य खात्यानं त्याच्या घरच्यांचं, आमचं, सगळ्यांचं रक्त तपासलं. कोणालाच काही निघालं नाही. ते कळेपर्यंत मी रोज सकाळी थर्मामीटर तोंडात धरून बसत होते.

कागदांवर मी लिहिलं की पहिल्यांदा धाकटी शांत केली आणि दुसरी तपासणीत नंतर रोगी निघाली. अदलाबदलीचं एक अक्षर लिहिलं नाही. म्हाताऱ्यावर गुन्हा लागला असता, माझी चौकशी झाली असती, आणि दोन्ही घोड्या तर गेल्याच होत्या. पट्टीबंधकानं सही करताना माझ्याकडं पाहिलं नाही.

शेवटचा कागद द्यायला मी तांड्यावर गेले तेव्हा म्हातारा देवळामागची खोली चुन्यानं पोतत होता. आम्हीच सांगितलं होतं, जंतू मरावेत म्हणून. त्यानं कागद घेतला, त्याला वाचता येत नव्हतं, घडी करून फेट्यात खोचला. मी निघाले तर त्यानं विचारलं.

"याडी, थोरली राह्यली असती का? दुसऱ्या वक्ताले बी तिचं रगत चांगलंच निघालं असतं का?"

हे कोणालाच नक्की सांगता आलं नसतं, पण मला वाटत होतं की राहिली असती. "तिलाही एव्हाना लागण झाली असती, बाबा, दोघी एकाच खोलीत होत्या." एवढं म्हणता आलं असतं, आणि ते अगदी खोटंही नसतं. पण मला खरं बोलायची सवय. कोणी विचारलं की फटकन सांगून टाकायचं, त्याचा मला अभिमानही होता.

"हो," मी म्हटलं. "राहिली असती."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडं वळला. चुना हातानंच पोतत होता, ब्रश नव्हता. त्याची बोटं फुटली होती. मी गाडीकडं चालत गेले. सरकारला सांगायला माझ्याकडं खोटं होतं, ते मी तीन प्रतींत लिहून दिलं. त्या माणसाला एक द्यायचं, ते मला जमलं नाही.